साटीनच्या पायघड्या

मोबिलिटी स्कूटर दारात उतरली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तिचे स्वागत आपापल्या स्वभावाप्रमाणे केले. थोरल्या मुलाने एकदा चार्ज केल्यावर ती किती लांब जाते, ते दोनदा सांगितले. थोरल्या सुनेने बसायची गादी दाबून पाहिली आणि कमरेला पट्टा आहे ना, याची खात्री करून घेतली. मोठ्या बाईंनी मात्र गळ्यातली टेप काढली आणि गाडीचे माप घेतले. लांबी सत्तेचाळीस इंच; रुंदी, हँडलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सव्वीस. आकडे त्यांनी लिहून घेतले नाहीत. गेल्या पंचेचाळीस वर्षांत त्यांनी कोणाचेही माप लिहून घेतले नव्हते, आणि त्यांनी बेतलेला कोट कधी पुन्हा उसवावा लागला नव्हता.

"वाट एकतीस इंचांची आहे," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे अडीच-अडीच इंच उरतात. एवढी माया पुष्कळ झाली."

वाट म्हणजे शिवणघरातली वाट. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ शिलाई मशिनींची रांग, मधून ही चिंचोळी वाट आणि तिच्या टोकाला बेतण्याचे टेबल. हे टेबल चौदा फूट लांब होते आणि त्याची पुढची कड मोठ्या बाईंच्या पोटाला घासून घासून गुळगुळीत झाली होती. गल्लीच्या खालच्या टोकाला घर, वरच्या टोकाला शिवणघर. मध्ये दोनशे पावले. पायांत बळ होते तोवर ती पावले कोणी मोजली नव्हती.

गेल्या वर्षी वरच्या फळीवरचा तागा काढताना मोठ्या बाई स्टुलावरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, पण काठी घेऊनही दहा पावलांत दम लागू लागला. एकदा मुलाने आणि इस्त्रीवाल्याने त्यांना खुर्चीसकट उचलून शिवणघरात नेले. त्या क्षणी अठरा मशिनी थांबल्या आणि अठरा माना खाली गेल्या. एवढी शांतता त्या जागेत कधी कोणी ऐकली नव्हती. मोठ्या बाईंनी त्याच खुर्चीत बसून जाहीर केले की आपण ताग्यासारख्या उचलून आणल्या जाणार नाही. यायचे तर आपल्या हिमतीवर, नाहीतर घरी बसायचे.

घरी बसणे त्यांना कितपत साधते, ते घरच्यांना चार दिवसांत कळले. त्यांनी स्वयंपाकघराच्या पडद्यांची दुमड उसवून पुन्हा घातली. मुलाच्या वापरातल्या सगळ्या सदऱ्यांच्या कॉलर उलटवल्या. पाचव्या दिवशी त्यांनी खिडकीतून शेजारणीला, तिने काहीही विचारलेले नसताना, तिच्या झग्याचा उजवा खांदा अर्ध्या इंचाने उतरला असल्याचे कळवले. त्या संध्याकाळी मुलाने स्कूटरची चौकशी सुरू केली.

स्कूटर आली त्याच आठवड्यात बेचाळीस कोटांची ऑर्डर आली. बँडवाल्यांचे कोट, तेही उभ्या रेघांच्या कापडाचे. खांद्यावरून निघालेली रेघ खिशावरून सरळ खाली उतरली पाहिजे, बाही छातीशी टेकली की रेघेला रेघ मिळाली पाहिजे. एक तागा चुकला तर सगळा बँड वाकडा दिसायचा. असे कापड मोठ्या बाईंशिवाय कोणी बेतले नव्हते. थोरली सून शिवणघर सांभाळत होती आणि साधे कापड सफाईने बेतत होती, पण रेघांचे कापड समोर आले की तिची कात्री अडखळत असे.

तरीही अट घातली ती सुनेनेच. सासूबाई पडल्या, त्या दिवशी हाड मोडल्याचा आवाज तिने कानांनी ऐकला होता आणि तो तिला अजून झोपेत ऐकू येत असे. तिने सासूबाईंना स्पष्ट सांगितले की स्कूटर चालवायला शिकवणारी बाई येईल आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिच्यासमोर परीक्षा होईल. चढ चढून आत जायचे, टेबलापर्यंत पोचायचे, वळायला जागा नाही म्हणून त्याच वाटेने उलटे दारापर्यंत यायचे आणि तिथे गाडी वळवून चढ उतरायचा. वाटेत कोणी हात लावायचा नाही. हे जमले तर टेबल सासूबाईंचे. जमले नाही, तर टेबल सुनेचे आणि पुन्हा त्या गोष्टीचा विषय नाही.

मोठ्या बाईंना कोणी अट घातल्याचे घरात कोणालाच आठवत नव्हते. त्यांनी सुनेकडे चष्म्यावरून बराच वेळ पाहिले आणि मान्य केले. आपल्या हाताखाली तयार झालेल्या माणसाने आपल्याशी असे बोलावे, याचा त्यांना मनातून थोडा अभिमान वाटला; पण तो त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

शिकवणारी बाई तिशीची होती आणि तिच्या गळ्यात शिट्टी होती. गाडी कुठे आपटणार असे दिसले की ती शिट्टी वाजवी. पहिल्या दिवशी तिने "आजी" अशी हाक मारली, तेव्हा मोठ्या बाईंनी विचारले की आपला असा नातेसंबंध केव्हा जुळला. त्या दिवसापासून ती "बाई" म्हणू लागली. आणि शिवणघरात तिचे नाव शिट्टीवाली पडले.

शिट्टीवाली नीट शिकवत असे. उजव्या अंगठ्याखालचा खटका दाबला की गाडी पुढे, डाव्या अंगठ्याखालचा दाबला की मागे. वेगाच्या बटणाच्या एका टोकाला ससा, दुसऱ्या टोकाला कासव. चढ लागण्याआधीच बटण कासवाकडे वळवून ठेवायचे, चढावर गेल्यावर त्याच्याशी खेळायचे नाही. चढ सरळ घ्यायचा आणि त्यावर कधीही वळायचे नाही. झुकायचे ते नेहमी चढाच्या वरच्या अंगाला: चढताना पुढे, उतरताना पाठ मागे टेकून. मागे जायचे तर आधी पूर्ण थांबायचे, दोन्ही खांद्यांवरून पाहायचे, मग हळू. चढावरून मुद्दाम उलटे उतरायचेच नाही. अडकलोच तर हँडल सरळ ठेवून, इंच-इंच. आणि गादीमागचा लाल दांडा चढावर ओढायचा नाही, कारण तो ओढला की गाडी हाताने ढकलता येते खरी, पण तिचा ब्रेकही सुटतो.

हे सगळे मोठ्या बाईंना पहिल्याच दिवशी पाठ झाले. मागे जाताना हँडल उजवीकडे वळवले की पाठही उजवीकडे जाते, हे त्यांनी अंगणात मार्किंगच्या खडूने रेघा आखून दोन दिवसांत हाताखाली आणले. अडचण वेगळीच होती. गाडी थांबवायची तर खटका सोडायचा, एवढी सोपी गोष्ट त्यांना जमत नव्हती. समोर काही आले की त्या हँडल आणखी घट्ट धरत, अंगठा आणखी दाबला जाई आणि गाडी थांबण्याऐवजी उसळी घेई. तीन दिवसांत चार कुंड्या फुटल्या. शिट्टी वाजून वाजून थकली. शिट्टीवालीने शंभर वेळा "सोडा, सोडा" म्हटले, आणि मोठ्या बाईंनी तिला सुनावले की आजवर आपण धरलेले काहीही सोडलेले नाही आणि म्हणूनच हे शिवणघर उभे आहे.

चौथ्या दिवशी सून पाचव्या कुंडीची माती गोळा करत होती. ती उठली, हात झटकले आणि गाडीपाशी येऊन उभी राहिली.

"आई, मी शिवायला बसले त्या पहिल्या आठवड्यात माझ्या बोटात सुई गेली होती. आठवतं?"

"तुझ्या बोटात दर आठवड्याला जायची."

"तेव्हा तुम्ही मला काय सांगितलं होतंत?"

उत्तर त्यांना अर्थातच माहीत होते. आल्या-गेल्या प्रत्येक मुलीला त्यांनी ते पहिल्या दिवशी घोकून घ्यायला लावले होते. सुई बोटात गेली, तर हात ओढायचा नाही, मशीन धरायची नाही. आधी पाय उचलायचा. पाय उचलला की मशीन थांबते. बाकीचे नंतर.

"अंगठा म्हणजे पाय," सून म्हणाली आणि पुन्हा माती गोळा करू लागली.

पाचवी कुंडी ही शेवटची ठरली.

दरम्यान शिवणघराच्या दाराशी चढ बांधायला सुतार आला. जमिनीपासून उंबरठा चौदा इंच उंच होता. सुताराने सात फुटांची फळी टाकून काम उरकायचे ठरवले होते. मोठ्या बाईंनी त्याला बसवून घेतले आणि समजावले की एका इंचाला एक फूट, म्हणजे चौदा फूट. त्याहून तोकडा चढ त्या पसंत करणार नाहीत. शिवाय दोन्ही कडांना दोन-दोन इंच उंचीची पट्टी हवी. सुताराने विचारले की एवढ्याशा चढाला कठडा कशाला, तर त्या म्हणाल्या की दुमड न घातलेली कड त्यांच्या दारात आजवर आलेली नाही आणि यापुढेही येणार नाही. सुताराने मुकाट्याने पट्ट्या ठोकल्या.

शेवटचा शनिवार उजाडला. मोठ्या बाईंनी इस्त्रीचा राखी झगा घातला, केस घट्ट बांधले, गळ्यात टेप अडकवली आणि दोनशे पावलांची गल्ली कासवाच्या वेगाने पार केली. मागे सून चालत होती, तिच्या मागे वही घेऊन शिट्टीवाली. कोपरा वळल्यावर मोठ्या बाई थांबल्या.

शिवणघरातले सगळे दाराच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभे होते आणि नव्या चढावर वरपासून खालपर्यंत गर्द लाल साटीन अंथरले होते. ही कल्पना काजवालीची. कोटांना काज करण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, पण उत्साहाला तिच्या कधी गाठ नसे. बाई आपल्या हिमतीवर येणार, तर त्यांना पायघड्या घालायच्या, असे तिने ठरवले आणि सकाळी लवकर येऊन सगळ्यांनी मिळून अस्तराचे उरलेले साटीन जोडून चौदा फुटांची पट्टी शिवली. चारी बाजूंनी दुमड घातली. जोड सापडू नये असा जोडला. वरून इस्त्री फिरवली आणि टाचण्यांनी फळीला घट्ट बसवले. कापडात जन्म घालवलेल्या अठरा माणसांपैकी एकाच्याही मनात आले नाही की या कापडावरून चाके जायची आहेत.

शिट्टीवालीने तोंड उघडले होते, पण मोठ्या बाई तोवर चढाशी पोचल्या होत्या. साटीन पाहून त्या क्षणभर हरखल्या होत्या. आणि अशा वेळी त्यांना कापडाचा पोत दिसत नसे. त्यांनी बटण कासवावर असल्याचे पाहिले, अंग पुढे झुकवले आणि उजवा अंगठा दाबला.

पुढची चाके सुरेख चढली. अर्ध्यावर मात्र मागच्या चाकांनी साटीन धरले आणि आपल्या खाली ओढायला सुरुवात केली. टाचण्या टकटक उडाल्या. पुढचे कापड मागे येऊ लागले, त्याच्या चुण्या पडल्या, आणि गाडी पुढे जाण्याऐवजी तिरकी होऊन मागे घसरली.

मोठ्या बाईंचे हात घट्ट झाले. मग डावी तर्जनी, जिच्यावर पन्नास वर्षांपूर्वीच्या सुईची खूण होती, ती त्यांच्या नजरेस पडली, आणि त्यांनी अंगठा उचलला.

चाके थांबली. साटीन मात्र फळीवरून अजून सरकतच होते, आणि थांबलेल्या चाकांसकट गाडीला कडेकडे नेत होते. एक वीत, मग अर्धी. तेवढ्यात मागचे चाक सुताराच्या पट्टीला टेकले आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले.

आता माणसे हलली. इस्त्रीवाला दोन्ही हात पुढे करून गाडीच्या मागे धावला. काजवाली रडवेली होऊन गादीमागच्या लाल दांड्याकडे झेपावली. गाडी ढकलायची तर तोच ओढतात, एवढे तिला माहीत होते. सूनही दोन पावले पुढे आली होती. पण तिची नजर सासूबाईंच्या अंगठ्यावर होती, आणि तो अंगठा वर होता. ती थांबली.

मोठ्या बाईंनी आवाज चढवला नाही.

"त्या दांड्याला हात लावलास, तर वर्षभर काज विसर, नुसती बटणं लावायला बसवीन. आणि इस्त्रीवाले, मागून बाजूला व्हा. मी तिकडेच येते आहे."

इस्त्रीवाल्याला हलायचे सुचत नव्हते. सुनेने त्याला बाहीला धरून बाजूला ओढले. शिट्टीवालीच्या ओठांत शिट्टी होती, पण तिने ती वाजवली नाही. मोठ्या बाईंनी आधी उजव्या खांद्यावरून पाहिले, मग डाव्या. अंग चढाच्या वरच्या बाजूला, म्हणजे पुढेच झुकलेले ठेवले. हँडल सरळ केले आणि डावा अंगठा टेकवला. गाडी पीं-पीं करत, एकेक इंच, पट्टीच्या कडेकडेने मागे येऊ लागली. चार इंच, थांबा. पुन्हा चार इंच. चाकाखाली गुंडाळलेले साटीन हळूहळू उलगडत गेले. मागची चाके जमिनीला लागली, मग पुढची, आणि मोठ्या बाईंनी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

त्यांनी साटीनची कड दोन बोटांत धरली आणि उलटून पाहिली.

"दुमड कोणी घातली?"

काजवालीने आणि आणखी एकीने भीत भीत हात वर केले.

"टाके एकसारखे आहेत. जोड मला दिसला नाही, म्हणजे कोणालाच दिसणार नाही. पण साटीन हे अस्तर आहे, मुलींनो. अंगावरून सरकावं, म्हणूनच तर ते कोटाच्या आत घालतात." मग थोडे थांबून, "माझ्यासाठी एवढं कोणी शिवलं नव्हतं," असे त्या म्हणाल्या, आणि कोणी त्यांच्या डोळ्यांकडे पाहण्याआधी हुकूम सुटला की हे ताबडतोब काढा आणि टाचण्या मोजून घ्या, एकही चाकात जाता कामा नये.

साटीन निघाले. चढाची नवी कोरी फळी उघडी पडली. मोठ्या बाईंनी शिट्टीवालीला बजावले की परीक्षेत नापास धरायचे असेल तर आत्ताच सांगा, उगाच बॅटरी जाळायला नको.

"चढावरून उलटं उतरणं परीक्षेत नव्हतंच, बाई," शिट्टीवाली म्हणाली. "ते तुम्ही जास्तीचं दिलंत. मी आजवर कोणालाही ते एवढं सरळ करताना पाहिलं नाही."

"मग लिही तसं. आणि शेवटी सही ठसठशीत कर." ती त्यांच्या तोंडी "तू" झाली होती, हे दोघींच्याही लक्षात आले.

दुसऱ्यांदा गाडी कुरकुर न करता वर गेली. उंबरठ्यावर मोठ्या बाई थांबल्या. आत सगळे पळत पळत आपापल्या जागी बसले होते आणि पुन्हा माना खाली घालून गप्प होते, त्या खुर्चीच्या दिवशी होते तसेच.

"मशिनी बंद का?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मी आजारी माणसाला भेटायला आलेली नाही."

एक मशीन सुरू झाली, मग दुसरी, मग सगळ्या. त्या खडखडाटातून, डावीकडे अडीच इंच आणि उजवीकडे अडीच इंच, मोठ्या बाई त्या वाटेने गेल्या. कोणी पाय आखडून घेतले, कोणी स्टूल ओढले. एक रीळ घरंगळले, तेवढेच. टेबलावर रेघांचा तागा उलगडलेला होता. त्यांनी कापडाच्या वरच्या थरावर हात फिरवला, टेप काढली, खडू घेतला, आणि परीक्षा चालू आहे हे पार विसरून पहिल्या कोटाची पाठ आखून टाकली. सुनेला खाकरावे लागले. मग त्या सगळी वाट उलट्या बाहेर आल्या. पीं-पीं ऐकू येईना, कारण मशिनी मुद्दाम जोरात चालल्या होत्या. दाराशी मोकळ्या जागेत त्यांनी गाडी वळवली आणि पाठ टेकून, रुबाबात, चढ उतरल्या.

शिट्टीवालीने सही केली. जाताना तिने गळ्यातली शिट्टी काढून मोठ्या बाईंच्या हातात ठेवली. आता इथे तिचे काही काम उरले नाही, असे म्हणाली. मोठ्या बाईंनी तिच्या खांद्याचे माप नजरेनेच घेऊन ठेवले. बेचाळीस कोटांच्या तुकड्यांतून त्रेचाळिसावा निघेल, असे त्यांना तेव्हाच दिसले होते.

संध्याकाळी काम सुटेपर्यंत साटीनमधून गादीचे आवरण शिवून झाले होते, कडेला गोट लावून. ते बसवायला सून अंगणात आली, तेव्हा मोठ्या बाई काठी टेकून बाकावर बसल्या होत्या. उद्यापासून रेघांचे कापड दोघींनी मिळून बेतायचे, एक बाजू तिची, एक आपली, असे त्यांनी सांगून टाकले. सुनेने आवरणाचे बंद बांधायला नको तेवढा वेळ लावला. मग म्हणाली की आवरण सुरकुततंय का, ते बसल्याशिवाय कळणार नाही.

"बस की मग. किल्ली आहे."

सून बसली. तिने आजूबाजूला पाहून घेतले, किल्ली फिरवली, अंगठा दाबला, आणि सहाव्या कुंडीच्या दिशेने निघाली. कुंडी जवळ आली. सुनेने डोळे मिटून हँडल घट्ट धरले.

अंगणात कर्कश शिट्टी वाजली.

"पाय उचल," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि गाडी कुंडीपासून चार बोटांवर थांबली. "आता दोन्ही खांद्यांवरून बघ. हळू. हँडल सरळ. ये मागे."

सून हसत हसत, पीं-पीं करत, मागे येऊ लागली.